राजा कुणी कापला?
स्पॅनिश अभिजात नाटकांच्या संशोधन-गटात नव्याने दाखल होणाऱ्यांसाठी

अभिनंदन. स्पेनमधल्या एका विद्यापीठाच्या संशोधन-गटात तुमची निवड झाली आहे. गटाचं पूर्ण नाव तुम्हाला अजून पाठ झालं नसेल. ते होणारही नाही, कारण दर नव्या अनुदानाबरोबर ते बदलतं आणि प्रत्येक वेळी अर्ध्या ओळीने वाढतं. काम मात्र तेच राहतं. सोळाव्या-सतराव्या शतकात माद्रिद, सेव्हिया, वालेन्सिया इथे जी नाटकं लिहिली गेली, त्यांचं आजचे लोक रंगमंचावर काय करतात ते बघायचं, मोजायचं आणि लिहायचं. 'मूळ नाटककाराला हे आवडलं असतं का?' हा प्रश्न चुकूनही तोंडातून काढायचा नाही. तो प्रेक्षकांनी मध्यंतरात कॉफी पिताना विचारायचा असतो.

लागणारं साहित्य: मऊ पेन्सिल (संग्रहालयात शाई चालत नाही), भरउन्हाळ्यातही बरोबर बाळगायचा एक स्वेटर (वाचनालयांचे एसी बघता), आणि पद्य कानावर पडलं की झोप न येणारा स्वभाव. शेवटचं साहित्य बाजारात मिळत नाही.

माणसं ओळखा

गटाचे एक मुख्य संशोधक असतात. अर्ज त्यांच्या नावाने, अनुदान त्यांच्या नावाने, आणि अनुदान नाकारल्याचं पत्रही त्यांच्याच नावाने. ते नाटकावर बोलताना क्वचित आढळतील. बहुतेक वेळ ते एका अर्जातली माहिती दुसऱ्या अर्जाच्या चौकटीत भरत असतात. स्पेनमध्ये प्राध्यापक आपलं सहा वर्षांचं संशोधन तपासणीसाठी पाठवतात, आणि ते पसंत पडलं तर पगारात थोडी भर पडते. या सहा वर्षांच्या हप्त्याला 'सेक्सेनियो' म्हणतात. तेव्हा कुणाचा चेहरा उतरलेला दिसला तर घरी कुणी आजारी आहे का असं विचारू नका. सेक्सेनियो कधी आहे ते विचारा.

गटात एक निवृत्त प्राध्यापकही येऊन बसतात. आदोल्फो मार्सियाक यांनी १९८६ मध्ये अभिजात नाटकांसाठी राष्ट्रीय नाटक कंपनी उभी केली, तेव्हापासूनचा प्रत्येक प्रयोग या प्राध्यापकांनी पाहिलेला असतो, आणि त्यांच्या मते चांगलं जे काही होतं ते पहिल्या चार-पाच वर्षांतच होऊन गेलं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. कुठला प्रवेश पहिल्या प्रयोगानंतर गुपचूप गळला, कुठल्या नटाने पद्य गद्यासारखं म्हटलं म्हणून तालमीत भांडण झालं, हे कुठल्याही फायलीत नाही, त्यांच्या डोक्यात आहे. लेखात मात्र 'सर म्हणाले' असं लिहून चालत नाही. सरांनी दोन मिनिटांत सांगितलेल्या गोष्टीला कागदाचा पुरावा शोधायचा, याला संशोधन म्हणतात. याला सहा महिने लागतात.

मराठी माणसाला इथे एक मोह होईल, त्याबद्दल आधीच सावध करतो. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगाल स्पेनच्या राजाकडे होतं, म्हणजे गोवाही. लोपे दे वेगा माद्रिदमध्ये नाटकामागून नाटक लिहीत होता, तो जवळजवळ सगळा काळ मांडवीच्या काठावर त्याच्याच राजाच्या नावाने हुकूम सुटत होते. हे वाचून अंगावर रोमांच येतात आणि लगेच 'काल्देरोन आणि कोकण' असा अर्ज सुचतो. राजा एक असला तरी कारभार पोर्तुगीजांचाच होता, आणि परीक्षक पहिल्याच ओळीत विचारतात: प्रयोग कुठे झाला, कागद दाखवा. कागद असेल तर जरूर अर्ज करा. नसेल तर रोमांचांवर समाधान माना.

आधी वाचायचं

नावं पुष्कळ आहेत, सुरुवातीला तीन पुरतात. लोपे दे वेगा (१५६२–१६३५), काल्देरोन दे ला बार्का (१६००–१६८१), आणि दोघांच्या मधला तिर्सो दे मोलिना, जो खरं तर गाब्रिएल तेयेस नावाचा धर्मसंघातला साधू होता आणि बायकांच्या तोंडी त्या काळातले सगळ्यांत चटपटीत संवाद घालत होता. आपण दीड हजार नाटकं लिहिली असं लोपे स्वतः सांगतो. त्याच्या नावावर आज टिकून आहेत ती काहीशेच. त्यातली नक्की त्याची किती, हा विषय गटाच्या बैठकीत काढू नका, जेवायची वेळ टळते.

पहिल्यांदा वाचायची ती लोपेची १६०९ मधली 'आर्ते नुएवो' ही पद्यरचना: या काळात नाटक कसं लिहावं, याचं विद्वानांच्या सभेपुढे केलेलं विवेचन. तीही मार्गदर्शिकाच, आणि तीही बरीचशी थट्टेतली. नाटक लिहायला बसलो की सगळे नियम सहा किल्ल्यांनी कुलूपबंद करतो, असं तो विद्वानांच्या तोंडावर सांगतो, कारण पैसे सामान्य प्रेक्षक देतो आणि त्याला जे आवडतं ते द्यायला हवं. त्यात थट्टा कुठे संपते आणि उपदेश कुठे सुरू होतो, यावर आजवर जेवढं लिहिलं गेलं आहे त्यात तुम्हीही भर घालालच.

पण त्याच रचनेत एक अगदी कामाचा भाग आहे. कुठल्या प्रसंगाला कुठला छंद, हे लोपे सांगतो. तक्रार-विलापाला देसिमा, कुणाची वाट बघत एकटं उभं असताना सॉनेट, घडलेली हकीकत सांगायला रोमान्से, प्रेमाला रेदोन्दिया. संगीत नाटकातल्या साकी-दिंडीची सवय असलेल्या घरात वाढला असाल तर हे लगेच कळेल: चाल बदलली की प्रसंगाचा रंग बदलला, शब्द नीट ऐकू आले नाहीत तरी. आणि म्हणूनच आजच्या रंगावृत्तीची कात्री कानाला कळते. रेदोन्दिया चार ओळींची, पहिलीचं यमक चौथीशी आणि दुसरीचं तिसरीशी. अवघड शब्द आहे म्हणून तिसरी ओळ उडवली की दुसरी यमकाची वाट बघत तशीच उभी राहते. कसबी रूपांतरकार असं करत नाही. तो चारही ओळी काढतो किंवा तिथे स्वतःची ओळ अशी बसवतो की चारशे वर्षांचा सांधा दिसू नये. ही नवी ओळ पकडता आली की तुमचा नवशिकेपणा संपला असं समजा. राष्ट्रीय कंपनीत तर पद्याचा एक वेगळा सल्लागारच असतो. नट कुठे श्वास घेतो यावर तो लक्ष ठेवून असतो, आणि नट त्याला टाळून असतात.

कात्रीचा माग

आता मुख्य काम. एका बाजूला विद्वानांनी संपादित केलेली छापील संहिता ठेवा. दुसऱ्या बाजूला कंपनीची प्रयोगाची प्रत, जिच्यावर पेन्सिलच्या रेघा, दिव्यांच्या खुणा आणि कॉफीचे गोल डाग असतात. मग तक्ता करा: ओळ ठेवली, काढली, हलवली, बदलली, नवी घातली. एका नाटकात साधारण तीन हजार ओळी असतात आणि आजच्या प्रेक्षकाची बस रात्री साडेदहाची असते, त्यामुळे 'काढली' हा रकाना लवकर भरतो. पहिल्या आठवड्यात तुम्हाला वाटेल की हे काम कारकुनाचं आहे. ते आहेच.

नवशिके एक ठरलेली चूक करतात: ते घातलेल्या गोष्टी मोजतात. रंगमंचावर मोटरसायकल आली, राजपुत्राच्या हातात मोबाइल दिसला, की वहीत लिहून घेतात. ते तर पत्रकारानेही लिहिलेलं असतं. घातलेली वस्तू आपणहून बोलते. कापलेल्या माणसाचा मात्र शोध घ्यावा लागतो.

उदाहरण म्हणून लोपेचं 'फुएन्तेओवेखुना' घ्या, छपाई १६१९. गोष्ट खरी घडलेली आहे, १४७६ ची. कोर्दोबा प्रांतातल्या या गावावर कालात्रावा या लष्करी धर्मसंघाच्या एका कोमेन्दादोरचा, म्हणजे जहागीरदारासारख्या सरदाराचा अंमल असतो. नाटकात तो गावातल्या बायका-मुलींवर हात टाकतो. लाउरेन्सिया नावाची तरुणी विस्कटलेल्या केसांनिशी गावच्या पंचांपुढे येऊन पुरुषांना त्यांच्या पुरुषपणावरून फाडून खाते, मग गाव उठतं आणि कोमेन्दादोरला मारून टाकतं. चौकशीला न्यायाधीश येतो, म्हाताऱ्यांना आणि पोरांना यातना देतो. कुणी मारलं या प्रश्नाला प्रत्येक जण गावाचंच नाव सांगतो. शेवटी राजा फेर्नान्दो आणि राणी इसाबेल गावाला क्षमा करतात. मोठ्या मनाने नव्हे. लेखी पुरावाच मिळत नाही, म्हणून.

आता कात्री बघा. १९१९, किएव. यादवी युद्धाच्या धामधुमीत जॉर्जियन दिग्दर्शक मार्जानिश्विली (रशियन लोक त्याला मार्जानोव म्हणतात) हे नाटक उभं करतो आणि राजा-राणीला घरी पाठवतो. गावाने जुलमी माणसाला मारलं, नाटक संपलं, माफी द्यायला कुणी येण्याची गरज उरली नाही.

१९३३, स्पेन. प्रजासत्ताक आलं आहे आणि विद्यापीठातली मुलं निळे डांगरी पोशाख घालून ट्रकमधून गावोगाव अभिजात नाटकं घेऊन फिरताहेत. ही 'ला बार्राका', प्रमुख फेदेरिको गार्सिया लोर्का. त्यानेही राजा-राणी कापले, सिउदाद रेआल शहराच्या लढाईचं उपकथानक कापलं, आणि पात्रांना त्या काळातले, म्हणजे १९३० च्या दशकातले कपडे दिले. गावकऱ्यांना समोर आपलाच जमीनदार दिसू लागला.

१९४४, माद्रिदचं तेआत्रो एस्पान्योल. फ्रँकोची राजवट आहे, लोर्काला गोळी घालून आठ वर्षं झाली आहेत. रंगावृत्ती फॅसिस्ट विचारांच्या हिमेनेस काबायेरोची, दिग्दर्शन कायेतानो लुका दे तेना यांचं. इथे राजा-राणी परत आले, आणि चांगले थाटात आले. यायलाच हवे होते: फ्रँकोच्या फालान्खे पक्षाने छातीवर मिरवलेलं जू आणि बाणांचं चिन्ह मुळात याच फेर्नान्दो-इसाबेलचं.

तिन्ही वेळा कोमेन्दादोर मरतो. त्याच्या मरणाबद्दल कम्युनिस्ट, प्रजासत्ताकवादी आणि फॅसिस्ट यांच्यात दुमत नाही. भांडण आहे ते त्यानंतर दार उघडून आत कोण येतं, यावर.

इतकं वाचून तुम्ही लगेच तक्ता कराल: राजा काढला म्हणजे पुरोगामी, ठेवला म्हणजे प्रतिगामी. हा तक्ता निबंधात फार चांगला दिसतो, म्हणूनच त्याच्यापासून लांब राहा. लोपेचा मूळ राजा नीट वाचला तर तो काही न्यायाचा पुतळा नाही. पुरावा असता तर त्याने गाव फासावर चढवलं असतं, आणि तो ते लपवतही नाही. हा राजा जसा आहे तसा ठेवला तर प्रेक्षकाला माफीचीही भीती वाटते. माझं मत विचाराल तर १९३३ मध्ये राजा कापायला छाती लागत होती. आज तोच काप पुन्हा घेणारा दिग्दर्शक लोर्काचं पदक आपल्या छातीवर लावून घेतो. आंतोनियो गादेसने १९९४ मध्ये याच नाटकाचं नृत्यनाट्य करताना लोपेचं पद्यच बाजूला ठेवलं, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं.

गावाला प्रत्यक्ष भेट द्यावी. १९३५ मध्ये मार्गारिता शिर्गूने तिथल्या चौकात हे नाटक केलं होतं, आणि पुढे गावकरी स्वतःच ते करू लागले, शेकड्यांनी चौकात उतरून. तिथे वही उघडून 'तुमच्या आवृत्तीतला हा प्रवेश कुणी कापला?' असं विचारायचं असेल तर खुशाल विचारा. एका माणसाचं नाव मिळेल अशी आशा ठेवू नका.

अल्माग्रोला जाताना

जुलैत सगळा गट ला मान्चातल्या अल्माग्रोला जातो. १९७८ पासून तिथे दर वर्षी अभिजात नाटकांचा मेळा भरतो, आधी विद्वानांच्या चर्चा म्हणून आणि मग मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव म्हणून. योगायोग असा की 'फुएन्तेओवेखुना'चा पहिला प्रवेश अल्माग्रोतच घडतो, कारण कालात्रावा संघाच्या प्रमुखाचा वाडा तिथे होता. हे वाक्य दर वर्षी कुणीतरी नव्याने शोधल्यासारखं सांगतं. ऐकून घ्या.

चौकाच्या एका बाजूला १६२८ चं नाट्यगृह आहे. उघडं अंगण, भोवती लाकडी सज्जे, पुढे छोटासा रंगमंच. मधल्या काळात त्याची धर्मशाळा झाली आणि आत नाटकं व्हायची हे लोक विसरूनच गेले. १९५० च्या दशकात डागडुजी करताना जुना रंगमंच हाती लागला. पूर्वी बायकांना बसायला वेगळा सज्जा होता, आणि अंगणात उभे राहणारे पुरुष नाटक पडलं की शिट्ट्या मारत, भाजीपाला फेकत. आता प्रेक्षक फार सभ्य झाले आहेत. कितीही वाईट प्रयोग असला तरी उभं राहून टाळ्या वाजवतात, त्यामुळे संशोधकाला काहीच कळत नाही. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतात, कारण दिवसा बाहेर पडवत नाही. मुरवलेली वांगी खाऊन बघा, गावाची ती खासियत आहे. खर्चाच्या तक्त्यात ती 'क्षेत्रकार्य' या सदरात बसत नाहीत.

तिथे शेजारी बसलेला माणूस एखाद्या क्षणी तुच्छतेने म्हणेल, 'हल्ली बाईला पुरुषाची भूमिका देण्याची फॅशन आहे.' त्याच्या मनात २०१२ चा प्रयोग असेल: एलेना पिमेन्ताने काल्देरोनचं 'ला बिदा एस सुएन्यो' बसवलं, रंगावृत्ती खुआन मायोर्गाची, आणि बापाने मनोऱ्यात कोंडून ठेवलेला राजपुत्र सेखिस्मुन्दो झाली होती ब्लांका पोर्तियो. आयुष्य आणि स्वप्न यांतला फरक न कळणारा तो कैदी तिने असा उभा केला की काही वेळाने ती बाई आहे हे आठवतही नव्हतं. त्या माणसाला शांतपणे सांगा की माद्रिदमध्ये १५८७ पासून बायकांना रंगमंचावर परवानगी आहे, पुरुषवेशातली नायिका ही त्या काळच्या प्रेक्षकांची आवडती गोष्ट होती, आणि याच नाटकाच्या पहिल्या प्रवेशात रोसाउरा पुरुषाच्या कपड्यांतच येते. आपल्याकडे नारायणराव राजहंस शालू नेसून भामिनी होत होते, हेही सांगायला हरकत नाही. त्याला ते कळणार नाही, पण तुम्हाला बरं वाटेल.

अवघड जागा

राष्ट्रीय कंपनीने १९८६ मध्ये पहिलं नाटक केलं ते काल्देरोनचं 'एल मेदिको दे सु ओन्रा'. त्यात नवरा निव्वळ संशयावरून बायकोची नस उघडायला लावून तिला रक्तस्रावाने मारतो, दारावर रक्ताळलेल्या हाताचा ठसा उमटतो, आणि राजा सगळं समजूनही त्याचं दुसरं लग्न लावून देतो. अब्रू राखली गेली, पडदा. आता हे आजच्या प्रेक्षकापुढे कसं ठेवायचं?

दिग्दर्शकांचे उपाय तुम्हाला लवकरच पाठ होतील. मेलेली बायको शेवटी रंगमंचावर परत येते. दुसरी वधू नवऱ्याचा हात झिडकारते. किंवा सगळे पाच सेकंद प्रेक्षकांकडे रोखून बघतात. या प्रत्येकावर गटात कुणीतरी प्रबंध लिहीत असतं. मला विचाराल तर हे सगळे उपाय प्रेक्षकाची सुटका करण्याचे आहेत: तुम्ही असे नाही, घरी जा, झोपा. काल्देरोनने सुटका ठेवलेली नाही. दुसऱ्या वधूला सगळं माहीत आहे आणि तरी ती हात पुढे करते. हे काहीही न बदलता खेळायला फार चांगले नट लागतात. पाच सेकंद रोखून बघायला कुणीही चालतं.

यंत्राचं काय करायचं

तुमच्या आधीच्या पिढीला एक सोय होती: जुनी हस्तलिखितं वाचता येणं ही दुर्मिळ विद्या होती. आता यंत्र वाचतं. २०२३ च्या जानेवारीत अल्वारो कुएयार आणि खेर्मान वेगा या संशोधकांनी जाहीर केलं की माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयातलं 'ला फ्रान्सेसा लाउरा' हे निनावी हस्तलिखित लोपेचं आहे. संगणकाने शेकडो जुनी नाटकं वाचून काढली, शब्दांच्या सवयी ताडून पाहिल्या आणि या एका नाटकावर लोपेकडे बोट दाखवलं. मग माणसांनी छंद, भाषा, विषय तपासले आणि होकार दिला. तुमच्या कामाच्या दृष्टीने यात एक धोका आहे. काल बेवारशी असलेलं नाटक आज अभिजात ठरलं, म्हणजे उद्या त्याची 'आधुनिक रंगावृत्ती' निघणार आणि तक्त्यात आणखी तीन हजार ओळी येणार.

निबंध वाचताना

वीस मिनिटं मिळतात. त्यातली पाच पडद्यावर चित्र न दिसण्यात जातात. 'पुनर्वाचन', 'पुनर्लेखन', 'पुनर्संदर्भीकरण' हे शब्द आलटून पालटून वापरा, एकाच परिच्छेदात तिन्ही नकोत. प्रश्नोत्तरांत जो माणूस 'माझा प्रश्न नाही, फक्त एक निरीक्षण' म्हणून उभा राहील, त्याच्याकडे घड्याळ नाही असं समजून पाणी प्या. आणि ज्या दिग्दर्शकावर तुम्ही बोलताय तो सभागृहात नसल्याची खात्री करून घ्या. असलाच, तर तुम्ही शोधलेल्या गूढ कापाचं कारण तो उठून सांगेल: त्या नटाचं पाठांतर झालं नव्हतं.

हे सगळं वाचूनही रुजू व्हायची इच्छा टिकली असेल तर आधी एक करा. पिलार मिरोचा १९९६ चा 'एल पेर्रो देल ओर्तेलानो' हा चित्रपट मिळवून बघा. लोपेचं नाटक आणि संवाद सगळे पद्यात. आपल्याच चिटणिसावर भाळलेली, त्याला स्वतः घेईना आणि दुसरीलाही देईना अशी सरदारीण झाली आहे एम्मा सुआरेस. पद्यातला चित्रपट कोण बघणार असं त्या वेळी जाणत्यांना वाटत होतं. त्याला सात गोया पुरस्कार मिळाले. बघताना ओळी मोजू नका, स्पॅनिश येत नसेल तर खालची भाषांतरंही पहिल्या अर्ध्या तासानंतर बंद करा. कान तयार झाला तर लगेच रुजू व्हा. नाही झाला तर वाचलात, त्या तीन हजार ओळी दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबी जातील.